लुएला घरात कशी बोलते

माझा आवाज चांगला आहे हे मला दुसऱ्या कोणी सांगायची गरज कधी पडली नाही. भिंगारच्या आमच्या चर्चमध्ये चाळीस वर्षं मी क्वायरच्या मागच्या रांगेत उभी राहून अल्टो गाते. अल्टो म्हणजे बायकांचा खालच्या पट्टीतला, जाड आवाज. भाजीतल्या मिठासारखा. असला तर कोणी नाव घेत नाही, नसला की सगळे तोंड वाकडं करतात. एवढ्या वर्षांत एकटीने गायला मला एकदाही पुढे बोलावलं नाही. तो मान कायम त्या नाजूक, किणकिणत्या आवाजाच्या बायांना. मी कधी तक्रार केली नाही असं सांगायला मला आवडलं असतं, पण मी दर ख्रिसमसला केली.

त्यामुळे पुण्याहून आलेल्या राजेश्वरीने सगळ्या क्वायरमधून नेमकं माझ्याकडे बोट दाखवलं, तेव्हा मला आश्चर्य वगैरे वाटलं नाही. उशीर झाला, एवढंच वाटलं.

राजेश्वरी परदेशी सिनेमे मराठीत आणण्याचं काम करते. वय पस्तिशीचं, केस कापलेले, मराठी अशी की प्रत्येक शब्द धुऊन वाळत घातलेला. तिच्या हातात एका मोठ्या अमेरिकन गायिकेच्या आयुष्यावरचा सिनेमा होता. लुएला प्रॉक्टर. कापूस वेचणाऱ्या काळ्या लोकांच्या घरात जन्मलेली, गावच्या चर्चमध्ये गायला शिकलेली, आणि पुढे जगभर नाव काढलेली बाई. सिनेमात चर्चची गाणी होती म्हणून राजेश्वरी क्वायर शोधत आमच्याकडे आली होती. गाणी बसवताना मी तिची दोनदा चूक काढली. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तर ती म्हणाली, "थांबा. हेच पुन्हा बोला."

"काय बोलू?"

"काहीही. मला माझी म्हातारी लुएला सापडली आहे."

साठीनंतरच्या लुएलाचे सगळे संवाद मी बोलायचे, असं ठरलं. लुएलाची स्वतःची गाणी मूळचीच राहणार होती, बोलणं तेवढं मराठीत. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, एका सोल सिंगरला आवाज द्यायचाय. अब्राहाम मिलिटरीच्या डेपोत स्टोअरकीपर होते, आता रिटायर होऊन ओट्यावर पेपर वाचतात.

"सोल सिंगर?" ते म्हणाले. "काय सोलती? लसूण?"

"अहो, सोल म्हणजे इंग्रजीतला जीव. जिवातून गातात ते."

"मग बराबर बाई निवडली त्यांनी. चाळीस वर्षं झाली, मला सोलतीच हायेस की तू."

मी लसूणच सोलायला घेतला. पण खरं सांगते, त्या रात्रीपासून मला ते काम इतकं हवं होतं की मी थंड पाणी बंद केलं, लोणचं बंद केलं, आणि अब्राहामांशी भांडणंसुद्धा आठवडाभर पुढे ढकलली.

रेकॉर्डिंग सॅमच्या स्टुडिओत होतं. भिंगारच्या बाजारात टायरच्या दुकानावर त्याच्या दोन खोल्या आहेत. घंटागाडीवर वाजणारं 'ओला कचरा, सुका कचरा' तिथेच तयार होतं आणि निवडणुकीत सगळ्या पक्षांची गाणीही तिथेच होतात, सकाळी एकाचं आणि दुपारी दुसऱ्याचं. सॅम माझ्या हातात जन्मलेला पोरगा. मी नर्स होते, म्हणून सगळं भिंगार मला सिस्टर म्हणतं आणि तोही म्हणतो. आता त्याला दोन मुलं आहेत.

आतल्या खोलीत मी, माईक आणि भिंतीवर पडदा. काचेच्या पलीकडे सॅम आणि राजेश्वरी. कानात मूळचं इंग्रजी चालू असतं, पडद्यावर लुएलाचे ओठ हलतात, आणि त्या ओठांत आपली मराठी बसवायची. ओठ मिटले की आपण मिटायचं. गावाबाहेरच्या लष्करी रेंजवर रणगाड्यांचा सराव चालू झाला की सॅम दोन बोटं वर करतो, मग सगळे गप्प बसून धडाम-धडाम ऐकतो आणि पुन्हा सुरू करतो. पहिल्याच दिवशी माझे बावीस संवाद झाले. राजेश्वरी म्हणाली की मुंबईच्या बायकांनाही एवढे जमत नाहीत. मला ते पटलं.

गोची दुसऱ्या दिवशी झाली.

नर्सिंग शिकताना आमच्या मेट्रन विलायतेहून आलेल्या होत्या, त्यामुळे माझा कान इंग्रजीला सरावलेला आहे. कानात लुएला बोलत होती आणि माझ्या लक्षात आलं, ही बाई दोन इंग्रजी बोलते. टीव्हीवाले, वकील, मोठे लोक समोर असले की कडक इस्त्रीचं. आणि घरात, आईशी, बहिणीशी बोलताना शेवटचे शब्द गिळून, मधले ओढून, अगदी सैल. माझ्या हातातल्या कागदावर मात्र दोन्हीकडे एकच मराठी होती. लुएला चुलीपाशी बसून बहिणीला म्हणत होती, "मला अत्यंत थकवा जाणवत आहे."

मी हेडफोन काढला. "राजेश्वरी, ही बाई घरात असं बोलत नाही. घरात ती आमच्या शेवगावकडच्या बायांसारखी बोलते. 'लई दमले गं बाई' असं."

"हन्नाताई, मला कळतंय," ती म्हणाली. "पण मराठी सिनेमात कोणी 'लई' म्हणालं की प्रेक्षक हसायला सुरुवात करतात. त्यांना वाटतं आता विनोद येणार. मोठ्या कलाकार बाईचं हसं होईल. लिहिलंय तसंच बोला."

यावर माझ्याकडे उत्तर होतं. एरवी मी ते दिलंही असतं. पण पहिल्या दिवशीच तिने साफ सांगितलं होतं: मुंबईची एक नामांकित आवाजाची बाई तयार ठेवलेली आहे. शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा सीन मला जमला तर काम माझं. नाही जमला तर माझं सगळंच पुसून त्या बाईकडून करून घेणार, कारण एकाच म्हाताऱ्या लुएलाला दोन आवाज चालत नाहीत. मराठी सिनेमात काय ठेवायचं आणि काय नाही, याचा शेवटचा शब्द राजेश्वरीचा होता. म्हणून मी मुकाट्याने "मला अत्यंत थकवा जाणवत आहे" असं म्हणाले. ओठांत अगदी बरोबर बसलं.

आणि मला ते जमणारच होतं, कारण दोन मराठी मलाही येतात. माझा जन्म शेवगाव तालुक्यातल्या एका वाडीतला. नर्सिंगला आले तेव्हा होस्टेलच्या मुली मला छळायच्या. मी "पुस्तक हितं हाय" म्हटलं की त्या सगळ्या मिळून "हॅलो!" म्हणायच्या. सहा महिन्यांत मी बोलणं असं बदललं की सुट्टीत घरी गेल्यावर शेजारच्या बायका मला खुर्ची द्यायला लागल्या. त्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

शेवटचा सीन चौथ्या दिवशी होता. मोठा सीन म्हणजे आरडाओरडा, रडारड असेल असं मला वाटलं होतं. तसं काही नव्हतं. लुएला आता सत्तरीची. आपल्या लहानपणच्या घरात बसून टीव्हीवाल्याला मुलाखत देते आहे. तो विचारतो, तुमच्या गाण्यात हे एवढं येतं कुठून? ती देव, दुःख, इतिहास असं काहीबाही छान सांगत असते. तेवढ्यात आतून तिची पंच्याण्णव वर्षांची आई हाक मारते. लुएला वळते, कॅमेऱ्याकडे पाठ करते, आईला उत्तर देते आणि उठून आत जाते. मुलाखत अर्धीच राहते. सिनेमा संपतो.

आईचा आवाज अजून कोणाचा घ्यायचा ते ठरलं नव्हतं. माझ्या सोयीसाठी राजेश्वरीने तिचं वाक्य स्वतःच्या आवाजात तात्पुरतं भरून ठेवलं होतं.

सॅमचा लाल दिवा लागला. मी देव, दुःख, इतिहास सगळं नीट बोलले. एकही ओठ चुकला नाही. मग कानात आतून हाक आली.

"बाळा, जेवण थंड होत आहे."

आणि ते बोलणं मी ओळखलं. आवाज राजेश्वरीचाच होता, पण ते तसं जपून, एक एक शब्द ठेवत बोलणं माझ्या आईचं होतं. पडद्यावर लुएला वळली. कागदावर माझं वाक्य होतं, "आले, आई." मी मात्र वळलेच, माईक सोडून दाराकडे, आणि ओरडले, "आले गं आये, आले! तू बस खाली, मी वाढती!"

काचेपलीकडे सॅमने रेकॉर्डिंग थांबवलं. मग राजेश्वरीने माझ्याशी बोलायचं बटण दाबलं.

"हन्नाताई, हे काय झालं?"

"चुकलं," मी म्हणाले.

"हरकत नाही. वळल्यावर तिची पाठ आहे, ओठ दिसत नाहीत, त्यामुळे बसतंय तसं. पण आई शुद्ध बोलते आणि मुलगी गावठी? जगात असं कुठं असतं? पुन्हा घेऊ, लिहिल्याप्रमाणे."

मी हेडफोन स्टँडला अडकवला आणि म्हणाले, "असतं. माझ्या घरात होतं. आणि मी पुन्हा देणार नाही."

सॅम काचेतून माझ्याकडे बघायला लागला. त्याला माझा स्वभाव माहीत आहे. राजेश्वरी म्हणाली, "तुम्हाला माहितेय ना, मग मला मुंबईला फोन करावा लागेल?"

"कर. पण आधी दोन मिनिटं ऐकून घे."

चाळीस वर्षांत अब्राहामांनाही न सांगितलेली गोष्ट मी त्या माईकसमोर सांगितली. मी नुकती स्टाफ नर्स झाले होते, नगरच्या एका मोठ्या दवाखान्यात. सकाळचा राउंड चालू होता. मोठे डॉक्टर पुढे, चार शिकाऊ डॉक्टर मागे, आणि फायली घेऊन मी. वॉर्डाच्या दारातून हाक आली, "हन्ने! ए हन्ने! हितं हाय व्हय गं तू?" माझी आई, छबूबाई. पहाटेच्या एसटीने आली होती. पायात धुळीने पांढऱ्या झालेल्या वहाणा, काखेत हरभऱ्याचा हिरवा डहाळा, मुळासकट उपटलेला. सगळे वळून बघायला लागले. एक शिकाऊ डॉक्टर हसला. आणि मी, तिच्या पोटची पोरगी, माझ्या नव्या मराठीत म्हणाले, "आजी, राउंड चालू आहे. कृपया बाहेर थांबा."

आजी म्हणाले मी तिला. पेशंटच्या कुठल्याही म्हाताऱ्या नातेवाइकाला म्हणतात तसं. ती तेव्हा पन्नाशीचीसुद्धा नव्हती.

राउंड संपवून मी बाहेर आले तर ती गेलेली. डहाळा वॉचमनकडे दिला होता. "सिस्टरबाईंना द्या," असं सांगून दुपारच्या गाडीने परत. त्याबद्दल ती मला कधीही एक शब्द बोलली नाही. फक्त त्या दिवसापासून माझ्याशी बोलताना ती शुद्ध बोलायला लागली. कुठून शिकली कोण जाणे, रेडिओवरून, पाळकांच्या बायकोकडून. मी घरी गेले की दारात उभी राहून म्हणायची, "आलीस का? जेवण झाले आहे का?" एकेक शब्द चाचपून. भावाशी बोलायची, म्हशीशी बोलायची ती तिच्या भाषेत. माझ्याशी मात्र नाही. शेवटच्या आजारातही मला म्हणाली, "मला पाणी दे, तहान लागली आहे." मी नर्स आहे, शेकडो माणसं मरताना पाहिलीत. मरणारं माणूस एवढी मेहनत करून बोलत नाही. ती माझ्यासाठी करत होती. आणि मला एकदाही सांगता आलं नाही की आये, नको गं असं बोलूस.

"तुझी ती हाक तशीच आहे," मी काचेकडे बघून म्हणाले. "म्हणून मला तसं उत्तर द्यावं लागलं. आता मुंबईची बाई बोलव. ती लिहिलंय तसं छान बोलेल. मी काही रागावणार नाही."

हे शेवटचं वाक्य खोटं होतं. मी भयंकर रागावले असते. ते काम मला हवं होतं. माझा आवाज एकदा तरी पुढच्या रांगेतून ऐकू यावा असं मला फार, फार वाटत होतं. पण आईला पुन्हा एकदा शुद्ध मराठीत उत्तर देऊन ते मिळणार असेल तर नको होतं.

राजेश्वरीने मोबाईल उचलला. नंबर काढला. रेंजवर सराव सुरू झाला, सॅमने सवयीने दोन बोटं वर केली. धडाम-धडाम थांबलं तेव्हा तिने बटण दाबून विचारलं, "तुमी कुठल्या म्हणालात?"

मी कान टवकारले. 'तुम्ही' नाही, 'तुमी'. चार दिवसांत पहिल्यांदा त्या धुतलेल्या मराठीला डाग पडला होता.

"शेवगावकडची," मी म्हणाले. "आणि तू?"

"जामखेडची हाय मी," ती म्हणाली. एवढंच. मोबाईल तिने पालथा ठेवला, उठली, दार उघडून आत माझ्या खोलीत आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. कागदावरची आईची ओळ तिने पेनाने खोडली. वर काहीच लिहिलं नाही.

"सॅम, दुसरा माईक लाव," ती म्हणाली. "आईचं वाक्य नव्याने घ्यायचं आहे. दोघी एकत्र."

"मॅडम, तुम्ही बोलणार?"

"मग कोण बोलणार? लाव."

सॅमने माईक लावला. ती हेडफोन घालताना मी हळूच म्हटलं, "आणि घरातले बाकीचे सीन? तो 'अत्यंत थकवा'?"

"उद्या सगळे पुन्हा घेऊ. लोक हसले तर हसू देत." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मला शिकवावं लागेल तुम्हाला. माझं बरंच विसरलंय."

"शिकवते की," मी म्हणाले. शिकवायला मला नेहमीच आवडतं.

लाल दिवा लागला. पडद्यावर लुएला टीव्हीवाल्याला देव आणि दुःख सांगत होती, मी तिच्या ओठांत ओठ मिसळून बोलत होते. आईच्या हाकेची वेळ आली. राजेश्वरीने डोळे मिटले, मान मागे टाकली, आणि त्या एवढ्याशा पोरीच्या छातीतून एक म्हातारी अशी गरजली की सॅमने दचकून कानावरचा हेडफोन अर्धा काढला.

"आगं ये की! कवाची बोलत बसलीया! गार व्हाया लागलं समदं! आन् त्या टीव्हीवाल्याला बी घिऊन ये, उपाशी आसंल त्यो!"

एवढं लांब वाक्य मुळात नव्हतं. सीन संपायला आला होता, सॅम काचेतून हातवारे करत होता. पडद्यावर लुएला वळली आणि तिची पाठ झाली. आता माझ्या ओठांना कोणाशी जुळवून घ्यायचं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र खणखणीत होता, चाळीस वर्षांत कधी नव्हता इतका.

"आले गं आये!" मी म्हणाले. "आले! आमी समदेच येतोय!"